गुळण्या: पाणी घशापर्यंत पोहोचवायचं कसं

घसा दुखतोय म्हटलं की ‘गुळण्या कर’ असं कुणीही सांगतं. त्या कशा करायच्या हे मात्र फारसं कुणी दाखवत नाही. म्हणून मग पाण्यात काय घालायचं याची चौकशी भरपूर होते आणि प्रत्यक्षात घोट गालातल्या गालात खळखळवून थुंकला जातो. दुखणं घशाच्या मागच्या भिंतीला आणि पाणी फिरलं दातांपाशी. दोन दिवसांनी तोच माणूस सांगतो की गुळण्यांनी काही होत नाही.

पाणी किती मागे गेलं, तिथे किती वेळ थांबलं आणि नंतर लगेच तुम्ही काय खाल्लं-प्यायलं, या तीन गोष्टींवर गुळण्यांचा बहुतेक सगळा उपयोग ठरतो. पाण्यात काय घातलं हा प्रश्न त्यानंतरचा. आता एकेक पायरी घेऊ.

## १. गुळण्याच हव्यात का, ते आधी ठरवा

चूळ आणि गुळणी ही दोन वेगळी कामं आहेत. हिरडी सुजली आहे, दातांत काही अडकलंय, ओठाच्या किंवा गालाच्या आत फोड आला आहे, तर पाणी तोंडाच्या पुढच्या भागात फिरायला हवं. तिथे चूळ पुरते, मान मागे टाकायची गरज नाही. घसा खवखवतोय, टॉन्सिल दुखतायत, पडजिभेजवळ कफ चिकटून बसलाय, तर गुळणी हवी.

गुळणीचं पाणी टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ, दोन्ही बाजूंचे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ इथपर्यंत पोहोचतं. स्वरयंत्र त्याच्या खाली आहे. तिथे पाणी जात नाही आणि जाताही कामा नये. त्यामुळे आवाज बसला असेल तर गुळण्यांनी तो थेट सुटत नाही. आवाजाला विश्रांती आणि पुरेसं पाणी पिणं हा त्यावरचा उपाय आहे. आवाज सुटावा म्हणून जोरजोरात घसा घुसळणारे त्याला आणखी त्रास देत असतात.

इशारा: पुढच्या लोकांनी गुळण्या करू नयेत किंवा आधी डॉक्टरांना विचारावं.

- पक्षाघातानंतर किंवा इतर आजारामुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो ते. पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.
- ज्यांचं टॉन्सिलचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे ते. जोराच्या गुळण्यांनी जखमेतून रक्त येऊ शकतं.
- ज्यांची दाढ चोवीस तासांच्या आत काढली आहे ते. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.
- लहान मुलं. साधारण सहा वर्षांपर्यंत बहुतेकांना पाणी घशात धरून ठेवता येत नाही.
- गुंगी आलेला, झोपेच्या गोळीच्या अमलाखाली असलेला किंवा अंथरुणावर आडवा असलेला माणूस.

मान मागे केली की ज्यांना गरगरतं त्यांनी बेसिन धरून उभं राहावं किंवा खुर्चीत बसून करावं, आणि मान जेमतेम वर करावी.

## २. पाणी तयार करा

पाणी पिण्यायोग्य हवं. थोडं पाणी पोटात जाणारच, हे गृहीत धरा. शंका असेल तर पाणी उकळून कोमट होऊ द्या.

तापमान. सुखकारक कोमट, एवढंच. जितकं गरम तितकं चांगलं हा समज फार पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. घशाचं अस्तर आधीच सुजलेलं असतं, त्याला चटका बसला तर दुखणं वाढतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहा. ते ‘गरम’ वाटले तर थांबा, ‘ऊबदार’ वाटले तर चालेल. कोमट पाणी मिळालं नाही तर साध्या पाण्याने करा. काहींना गार पाण्यानेच बरं वाटतं, तेही चालतं.

मीठ. पाव लिटर म्हणजे २५० मिलिलीटर पाण्याला अर्धा सपाट चहाचा चमचा. बारीक मिठाचा असा अर्धा चमचा साधारण ३ ग्रॅम भरतो. शरीरातल्या द्रवांचा खारटपणा लिटरला ९ ग्रॅम मिठाइतका असतो, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. आपलं पाणी त्याहून किंचित खारट आहे. त्यामुळे सुजलेल्या अस्तरातलं थोडं पाणी बाहेर ओढलं जातं आणि कफही सुटायला मदत होते.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मुठीने मीठ टाकणारे आहेत, शिगोशीग चमचा भरणारे आहेत. जास्त मिठाने घसा कोरडा पडतो, जळजळतो, मळमळतं, आणि चार वेळा तसं झालं की माणूस गुळण्याच सोडून देतो. उलट चिमूटभर मीठ बादलीभर पाण्यात टाकणाऱ्यांच्या गुळण्या साध्या पाण्याच्याच असतात. त्यात वाईट काही नाही, पण मिठाचा फायदा त्यात धरू नका. खडे मीठ वापरत असाल तर ते आधी बारीक करा. खड्यांमध्ये हवा राहते, म्हणून चमचा भरलेला दिसला तरी मीठ कमी असतं.

मीठ आधी दोन घोट गरम पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग साधं पाणी घालून कोमट करा. थेट कोमट पाण्यात टाकलं तर घाईत अर्धवट ढवळलं जातं. पहिले घोट अळणी आणि शेवटचा घोट तोंड वाकडं करणारा, असं झालं तर कारण हेच. पेला उजेडात धरून तळाकडे पाहा. तळाशी पांढरा थर किंवा फिरणारे कण दिसले तर अजून ढवळायला हवं.

तोंडात फोड असतील आणि मीठ झोंबत असेल तर प्रमाण निम्मं करा, पाव चमचा. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी गुळण्या केल्या तर चालतं, कारण पाणी थुंकायचं आहे. ज्यांचं निम्मं पाणी पोटात जातं त्यांनी मात्र साधं पाणी घ्यावं.

साध्या पाण्याला कमी लेखू नका. जपानमध्ये ३८७ निरोगी प्रौढांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज किमान तीनदा साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्या गटात श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे संसर्ग सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या करणाऱ्या गटात तसा फरक आढळला नाही. एका अभ्यासावरून नियम ठरत नाही, पण घरात मीठ नाही म्हणून गुळण्या टाळायचं कारण नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

हे पाण्यात घालू नका: न विरघळणारी कुठलीही पूड, कारण तिचे कण घशात चिकटून ठसका लागतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, कारण दिवसातून चार वेळा आम्ल लागलं तर दातांवरचं कवच झिजतं. दुखण्याच्या गोळ्या कुटून तर अजिबात नाही. त्यात ॲस्पिरिन असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांना त्याचा गंभीर धोका असतो.

## ३. तोंड आधी मोकळं करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. खाऊन उठल्या उठल्या पहिलाच घोट घेऊन मान मागे टाकली तर दातांमधले अन्नाचे कण पाण्याबरोबर थेट घशाकडे जातात. तिथून उबळ येते आणि दोष गुळणीला लागतो.

क्रम असा ठेवा.

१. हात धुवा.
२. कवळी किंवा काढता येणारी तार असेल तर काढून ठेवा.
३. नाक चोंदलं असेल तर आधी हलकेच शिंकरा. घोट तोंडात घेण्याआधी नाकाने श्वास घेता यायला हवा.
४. साध्या पाण्याने दोनदा चूळ भरा आणि थुंका.
५. घशाशी कफ असेल तर खाकरून टाका. जोर लावू नका, जेवढा सहज येईल तेवढाच.

नाक पूर्ण बंद असेल तर घोट लहान घ्या आणि प्रत्येक गुळणी पाच-सहा सेकंदांतच संपवा.

## ४. गुळणी: श्वास, मान, आवाज

हा लेखातला मुख्य भाग. वाचून झाल्यावर लगेच आरशासमोर करून पाहा, पहिल्यांदा पाण्याशिवाय.

पाण्याशिवाय सराव. आरशासमोर तोंड उघडा आणि मोबाइलचा दिवा आत टाका. जिभेच्या मागे मधोमध लोंबणारी पडजीभ दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंना कमानी आणि कमानींच्या आत टॉन्सिलचे गोळे. ‘आऽऽ’ म्हणा. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाईल आणि पडजीभ आखडेल. टाळू असा वर गेला की नाकाकडे जाणारी वाट बंद होते. गुळणी करताना हेच व्हायला हवं. ते झालं नाही की पाणी नाकात चढतं.

आता पाणी घेऊन.

१. नाकाने नेहमीसारखा श्वास घ्या. छाती फुगवून नको. घोट घेण्याआधी श्वास आत असायला हवा, कारण पाणी घशात असताना श्वास घ्यायचा नाही.

२. लहान घोट घ्या, १५ ते २० मिलिलीटर, म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे. गाल फुगेपर्यंत भरलेल्या तोंडाने गुळणी होत नाही. पाणी हलायला जागा उरत नाही, म्हणून ते एकतर ओठांतून सांडतं किंवा गिळलं जातं.

३. ओठ मिटलेले ठेवून मान मागे न्या. समोरची भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे नजर जाईल एवढीच. मान पूर्ण मागे टाकली की घसा ताणला जातो, गिळण्याची ऊर्मी येते आणि पाणी सांभाळणं अवघड होतं. शंका असेल तर मान कमीच ठेवा.

४. पाणी स्वतःच्या वजनाने मागे जाऊ द्या. आता तोंड उघडा आणि त्याच क्षणी ‘आऽऽ’ म्हणत श्वास हळूहळू बाहेर सोडायला लागा. बाहेर येणारी हवा पाण्यातून बुडबुडे काढते. तीच हवा पाण्याला खाली श्वासनलिकेकडे जाऊ देत नाही. हवा बाहेर येते आहे तोवर तुम्ही सुरक्षित आहात.

५. आवाज एकसारखा आणि मध्यम ठेवा. मधे ‘आऽऽ’चा ‘ओऽऽ’ करा. घशाचा आकार बदलतो आणि पाणी दोन्ही बाजूंना फिरतं. एका बाजूचा टॉन्सिल जास्त दुखत असेल तर मान किंचित त्या बाजूला कलवा.

६. दहा ते पंधरा सेकंद. एका श्वासात एवढं होत नसेल तर ओढून-ताणून करू नका. श्वास संपण्याआधी आवाज थांबवा, मान पुढे आणा, थुंका. श्वास त्यानंतर.

इशारा: पाणी घशात असताना हसू, खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी मान पुढे करा. तोंडातलं पाणी सांडलं तर सांडू द्या. गुळणी चालू असताना कुणाशी बोलायला जाऊ नका.

बरोबर होतंय का, ते तपासा:

- आवाज कुठून येतो? ओठांजवळ खळखळ ऐकू येत असेल तर पाणी पुढेच आहे. बरोबर गुळणीचा आवाज खोल असतो. मानेच्या पुढच्या बाजूला बोटं टेकवली तर थरथर जाणवते.
- थुंकलेलं पाणी पाहा. घशापर्यंत पोहोचलेलं पाणी बहुतेकदा फेसाळ किंवा किंचित चिकट येतं. अगदी स्वच्छ, घेतलं तसंच आलं तर घोट पुढच्या पुढेच राहिला असण्याची शक्यता आहे.
- ऊब कुठे जाणवली? दुखतंय तिथे जाणवायला हवी.

उलटीची उबळ येते? घोट निम्मा करा, मान आणखी कमी मागे न्या, आणि ‘आऽऽ’ पाणी मागे पोहोचायच्या आधीच सुरू करा. बहुतेकांची उबळ शांतपणे पाणी मागे नेण्याच्या त्या एका क्षणात येते. आवाज आधी सुरू झाला की टाळू आधीच वर असतो. तरीही जमत नसेल तर दोन-तीन दिवस फक्त एक चमचा पाणी घेऊन तीन-चार सेकंदांची गुळणी करा आणि मग वाढवा. रिकाम्या पोटी किंवा तुडुंब जेवून केलेल्या गुळण्यांना उबळ जास्त येते.

पाणी नाकात चढतं? तोंड उशिरा उघडताय किंवा आवाज मधेच तुटतोय.

प्रत्येक वेळी गिळलं जातं? मान जास्त मागे जातेय किंवा घोट मोठा आहे. याला तिसरं कारण सहसा नसतं.

## ५. किती वेळा, आणि नंतर काय

एका वेळी तीन ते पाच गुळण्या. पहिली गुळणी कफ आणि लाळ काढून नेते, खरा उपयोग त्यानंतरच्या गुळण्यांचा. म्हणून एकच गुळणी करून पेला ठेवून देऊ नका. घसा दुखत असताना दिवसातून तीन-चार वेळा पुरे. दर तासाला मिठाच्या गुळण्या करणाऱ्यांचा घसा कोरडा पडून आणखी खवखवतो आणि ते त्यावर गुळण्या वाढवतात.

वेळ जेवणानंतरची आणि झोपण्यापूर्वीची चांगली. गुळण्या करून लगेच खाल्लं तर घशावर पुन्हा अन्नाचा थर बसतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मिठाच्या गुळण्यांनंतर खारट चव नको असेल तर साध्या पाण्याने एक चूळ भरलीत तरी बिघडत नाही.

पेल्यात उरलेलं पाणी ओतून द्या. त्यात तुमची लाळ गेलेली असते, ते दुपारसाठी झाकून ठेवू नका. पेला प्रत्येकाचा वेगळा. थुंकल्यावर बेसिनमध्ये पाणी सोडा आणि हात पुन्हा धुवा. घरात एकाचा घसा धरला आणि चार दिवसांत सगळ्यांचा, तर एकाच पेल्यावर आणि न धुतलेल्या बेसिनवरही नजर टाका.

## ६. औषधी द्रावण वापरत असाल तर

इथे क्रम चुकला की औषध वाया जातं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ वाचा, आणि ती वेळ घड्याळात बघा. पंधरा सेकंद हे मनातल्या मनात नेहमी मिनिटाएवढे वाटतात.

क्लोरहेक्सिडीन. हे तोंडातले जंतू मारणारं द्रावण. ०.२ टक्क्यांचं द्रावण साधारणपणे १० मिलिलीटर घेऊन एक मिनिट तोंडात फिरवायचं असतं, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून दात घासल्यावर तोंड नीट धुवा आणि मधे अर्धा तास जाऊ द्या. वापरल्यानंतर पाण्याने चूळ भरू नका. चव कडवट राहते म्हणून लोक लगेच पाणी घेतात आणि औषध धुवून टाकतात. चहा-कॉफी लगेच घेतली तर दातांवर तपकिरी डाग पडायला हातभार लागतो. चव काही काळ बदललेली वाटू शकते, ती औषध थांबवल्यावर परत येते. दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपलीकडे हे वापरत राहू नका.

पोव्हिडोन आयोडीन. गुळण्यांसाठी बनवलेलीच बाटली घ्या आणि तिच्यावर लिहिलं आहे तसं पाणी मिसळा. जखमेवर लावायचं ५ किंवा १० टक्क्यांचं द्रावण आणि हात धुवायचं फेसाळ द्रावण तोंडात घालायचं नाही. रंग सारखाच दिसतो, म्हणून बाटली उचलताना नाव वाचा. गुळणी साधारण ३० सेकंद. थायरॉइडचा आजार, गरोदरपण, स्तनपान किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, कारण तोंडाच्या अस्तरातून आयोडीन शरीरात शोषलं जातं. सहा वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही.

बेंझिडामीन. हे दुखणं कमी करणारं द्रावण. साधारणपणे १५ मिलिलीटर घेऊन २० ते ३० सेकंद गुळणी करतात. फार झोंबत असेल तर तेवढंच पाणी मिसळा. गिळणं दुखत असेल तर जेवणाच्या थोडं आधी केलेली गुळणी कामी येते.

हायड्रोजन पेरॉक्साइड. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, ३ टक्क्यांचंच आणि पाणी मिसळून. घशात खोल गुळणीसाठी मी ते सुचवणार नाही, गिळलं गेलं तर त्रास होतो.

फ्लोराइडचा माउथवॉश दातांसाठी असतो, घशासाठी नाही. तो दात घासल्यानंतर लगेच वापरू नका. टूथपेस्टमध्ये सहसा त्याहून जास्त फ्लोराइड असतं आणि ते उगाच धुतलं जातं. वेगळी वेळ ठेवा आणि नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

तपासा: मिठाच्या आणि औषधी गुळण्या दोन्ही करायच्या आहेत? आधी साधी चूळ, मग मिठाच्या गुळण्या, थोडं थांबून औषध सगळ्यात शेवटी. औषधानंतर पाणी नाही.

## ७. जिथे पद्धत बदलावी लागते

स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर. दम्यासाठी रोज घ्यायच्या अशा इनहेलरनंतर साध्या पाण्याच्या गुळण्या करून थुंकणं हे काही वरवरचं पथ्य नाही. औषधाचा काही भाग टाळूवर आणि घशात बसतो. तो तसाच राहिला तर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात आणि आवाज घोगरा होतो. इनहेलर, लगेच चूळ, मग दोन-तीन गुळण्या, आणि सगळं पाणी बाहेर. पाणी पिऊन टाकणं हा यावरचा पर्याय नव्हे. दात घासायच्या आधी इनहेलर घ्यायची सवय लावली तर हे विसरलं जात नाही.

दाढ काढल्यावर. पहिले चोवीस तास चूळही नाही आणि गुळणीही नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलेली असते आणि तिच्याखाली जखम भरते. जोराने खळखळवलं किंवा थुंकलं तर ती निघून येते, हाड उघडं पडतं आणि एक-दोन दिवसांत ठणका सुरू होतो. चोवीस तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्या, मान हळूच डावीकडे-उजवीकडे कलवा आणि बेसिनवर वाकून तोंड उघडा. पाणी आपोआप गळून पडू द्या. ‘थू’ करायचं नाही.

उलटी झाल्यावर. पोटातलं आम्ल दातांवर आलेलं असतं. लगेच साध्या पाण्याने चुळा भरा. पेलाभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घातला तर आणखी चांगलं. ब्रश अर्ध्या तासानंतर, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने घासलं जातं.

केमोथेरपीत तोंड आलं असेल तर. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, अशी चूळ बऱ्याचदा सुचवली जाते. ती हळुवार फिरवायची, जोर नको. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच करा.

## ८. मुलांना शिकवताना

सहा वर्षांच्या आसपास सुरुवात करा, तीही मूल बरं असताना. घसा दुखत असताना, रडत असताना शिकवलेली गुळणी म्हणजे ठसक्याला आमंत्रण.

१. पहिली परीक्षा थुंकण्याची. पाणी तोंडात धरून, न गिळता, सांगितल्यावर थुंकता येतं का? सलग चार-पाच वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका.
२. पाण्याशिवाय वर बघून ‘आऽऽ’.
३. एक चहाचा चमचा साधं पाणी, तीन सेकंद, मग ‘थू’. तुम्ही शेजारी उभं राहून तसंच करून दाखवा. मुलं सूचनेपेक्षा बघून लवकर शिकतात.
४. हे सहज जमल्यावरच मीठ, तेही निम्म्या प्रमाणात.

जबरदस्तीने डोकं मागे धरू नका आणि हसवू नका. औषधी द्रावण मुलांच्या हाती देऊ नका. ते प्रौढांनी मोजून द्यावं आणि थुंकेपर्यंत समोर थांबावं.

## ९. गुळण्यांवर अवलंबून राहायचं नाही तेव्हा

गुळण्यांनी आराम पडतो. जंतुसंसर्ग मुळापासून जातोच असं नाही. विषाणूंमुळे दुखणारा घसा बहुतेकदा आठवडाभरात आपला आपण बरा होतो, आणि तोवर दिवस सुसह्य व्हावेत म्हणून गुळण्या. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे घसा धरला असेल तर अँटिबायोटिक लागतं. ते न घेता फक्त गुळण्यांवर राहिलं तर विशेषतः मुलांमध्ये पुढे संधिवाताच्या तापाचा आणि हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा धोका असतो.

ताबडतोब दवाखाना: श्वास घ्यायला त्रास, स्वतःची लाळही गिळता न येणं, तोंड पूर्ण न उघडणं, आवाज तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येणं, घशाची एक बाजू फुगून पडजीभ दुसरीकडे सरकणं, घशात टोकदार काही अडकल्यासारखं वाटणं. अडकलेली वस्तू गुळण्यांनी निघत नाही, उलट आत रुतू शकते.

एक-दोन दिवसांत डॉक्टर: खोकला-सर्दी नसताना ताप आणि घशात पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी, अंगावर पुरळ, थुंकीत रक्त, आठवडा उलटूनही न ओसरलेलं दुखणं. तोंडातला फोड किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दुखत नसला तरी दाखवून या.

डॉक्टर घशातला नमुना तपासणीसाठी घेण्याची शक्यता असेल तर जाण्यापूर्वी औषधी द्रावणाच्या गुळण्या करू नका. नमुन्यात जंतू सापडायचे राहून जातात. कुठलं द्रावण, किती दिवस आणि शेवटचं कधी वापरलं, ते आपणहून सांगा, किंवा बाटलीच बरोबर न्या.